बाजेखालची टोपली

सापाला ऊन लागतं, आणि सापाला ऊन बाधतं. दोन्ही खरं, आणि एकाच टोपलीत दोन्ही सांभाळावं लागतं. लोकांना वाटतं, गारुड्याचं कसब पुंगीत असतं. पुंगी काय, कुणीही वाजवील हो. सोलापूरच्या उन्हाळ्यात नाग टोपलीत जिवंत ठेवणं, हे खरं कसब. आणि ते आमच्यात बायकांच्या गळ्यात असायचं. खेळ पुरुषांनी करायचा, टोपल्या आम्ही राखायच्या. टाळ्या त्यांना, राखण आम्हाला.

माझी थोरली लेक मला आई म्हणत नाही. अक्का म्हणते. आता तिचेही केस पिकले, पण हाक तीच. लोक विचारतात, असं कसं हो? मी हसण्यावारी नेते. पण ते सगळं एका टोपलीपायी झालं, आणि मी आहे तोवर एकदा नीट सांगून टाकावं म्हणून लिहायला बसले. शाळेत मी गेलेली नाही. पुढं गिरणीत लागले, तेव्हा येता-जाता दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं जुळवली. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझं माहेर वळसंगच्या बाजूचं. माहेर म्हणजे घर नव्हे, पाल. चार काठ्या आणि वर गोधड्या-पोत्यांचं छप्पर. बाबा नाग धरायचे, आणि मी कळती झाल्यापासून टोपल्या माझ्याकडे. आई अक्कलकोटकडची, तिच्या तोंडात अर्धं कानडी. ती टोपल्यांपाशी फिरकायची नाही. म्हणायची, "तुजा बा मला इतकं जपला असता तर मी अजून चार दात राखून असते." बाबा हसायचे.

बाबांचा एक बोल होता. टोपलीत दोन ऋतू पाहिजेत. बाकीचे गारुडी गोल टोपल्या वापरायचे, बाबा लांबट विणायचे, हातभर लांब, आतून शेणामातीनं सारवलेली. उन्हाळ्यात तिचं एक टोक भिजल्या पोत्याखाली आणि दुसरं कोरडं. थंडीत एक टोक ऊन विटेला टेकवायचं, वीट चिंधीत गुंडाळून, बाहेरून. दुसरं टोक गार. मधे काही नाही. मग साप त्याचा तो सरकतो. ऊब हवी तर इकडं, नको तर तिकडं.

"आपुन कोण ठरवनार त्याला किती ऊन पायजे?" बाबा म्हणायचे. "त्याचं त्याला कळतं की. आपुन फकस्त जागा ठिवायची."

आणि मनगट. विटेवर टोपली ठेवली की थोड्या वेळानं आत बुडाला मनगटाची आतली बाजू लावून बघायची. आपल्याला सोसलं तर त्याला सोसतं. हाताचा तळवा लावायचा नाही, तळवा राबून मेलेला असतो, तो खोटं सांगतो. गार पडलेला नाग गच्च वेटोळं करून बसतो, डिवचलं तरी उठत नाही. तापलेला नाग लांब पडतो, नाकानं टोपली ढोसतो, तोंड उघडतो. तोंड उघडलं की संपलंच समजायचं.

आणखी दोन गोष्टी सांगते, पुढं लागतील. एक म्हणजे, नाग धरताना त्याला वचन द्यायचं. पंचमीपर्यंत आमच्याकडे राहा, पंचमी झाली की जिथनं आणला तिथं सोडीन. बाबांनी ते कधी मोडलं नाही. दुसरी, आमच्या घरात नागाला नाव ठेवत नसत. नाव ठेवलं की सोडवत नाही.

माझं लग्न लहानपणीच झालं होतं. शहाणी झाल्यावर शिमग्याच्या सुमाराला मला सासरी पाठवलं. सासरची पालं सोलापूरच्या बाहेर माळावर. आमच्यात लेकीबरोबर नाग देतात. बाबांनी त्याच हिवाळ्यात धरलेला एक गव्हाळ नाग दिला, नवीन लांबट टोपली विणून. असा फणा काढणारा नाग मी पुन्हा पाहिला नाही. देताना बाबा मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, पंचमीपातूर तुमचा. फुडं त्याचा त्यो. वचन दिलंय."

"व्हय की मामा," मालक म्हणाले. "तुमचं वचन त्येच आमचं."

सासूबाईंनी लांबट टोपली आडवी-उभी करून बघितली. "ही टोपली हाय का तिरडी?"

तो उन्हाळा मी काढला. माळावर एक झाड नाही, खाली मुरूम, तो दुपारी फुटाणे भाजावेत असा तापलेला. मी पालात खड्डा घेतला, खाली वाळू ओली केली, त्यात टोपलीचं एक टोक पुरलं. डोक्यावरून पाणी आणायचं, आधी सापाच्या पोत्याला, मग आम्हाला. मालक हसायचे. "आमची बायको सापाला वारा घालती, आन् आमी घामानं मरतोय." पण हसण्यात राग नव्हता. खेळ चांगला होत होता, नाग तजेलदार होता. सासूबाईंचे स्वतःचे दोन साप त्या वैशाखात मेले. आमच्यात साप मरणं नवं नव्हतं, मेला की दुसरा धरायचा. पण माझा जगला, हे त्यांनी लक्षात ठेवलं. चांगलं म्हणून नव्हे.

पंचमी आली. नाग सोलापूरभर मिरवला. दुसऱ्या दिवशी मी टोपली पुसून तयार ठेवली, आता वळसंगला नेऊन सोडतील म्हणून. मालक म्हणाले, "दसऱ्याला सोडू."

दसरा झाला. "दिवाळी होऊ दे."

दिवाळी झाल्यावर मी म्हटलं, "अवो, बाबांनी वचन दिलंय."

"तुज्या बानं दिलंय, मी कुटं दिलंय? संक्रांतीची जत्रा हुंदे. जत्रंत असा नाग कुणाकडं न्हाई." आणि त्यांनी त्याला नाव ठेवलं. जत्रेत पुकारायला नाव लागतं म्हणे. ते नाव मी इथं लिहीत नाही.

तोवर मला दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरचं. पण आईच तेव्हा नुकती बाळंत झालेली, माझा सगळ्यात धाकटा भाऊ तिच्या पदराखाली. एका पालात दोन बाळंतिणी कशा राहणार? बाबांनी निरोप धाडला, तिकडंच उरका. उरकलं. जत्रेच्या तोंडावर मला मुलगी झाली. सासूबाईंनी नाळ कापली, तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "हं." तेवढंच तिचं स्वागत.

तरी शेक दिला हो, खोटं कशाला बोलू. सुंभाची बाज, तिच्याखाली खापरात गोवऱ्यांचे निखारे, वर मी आणि कुशीत ती. त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली होती, माळावर वारं तर विचारू नका. मला बाजेवरून उतरायची बंदी नव्हती, पण सुवेर होतं. सुवेर फिटेपर्यंत चुलीला हात लावायचा नाही, पाण्याच्या घागरीला नाही, आणि नागाला तर मुळीच नाही. नाग म्हणजे देव. विटाळशीनं देवाला शिवलं तर देव कोपतो.

माझी टोपली सासूबाईंकडे गेली. वीट तापवायचं त्यांच्या डोक्यात येईना. नाग गारठून वेटोळं करून बसला. मालक पुंगी वाजवतात, ढोसतात, तो डोकं वर करीना. आणि जत्रा उद्यावर आलेली.

जत्रेच्या दिवशी झुंजूमुंजू होत होतं. मालक तळ्यावर अंघोळीला गेले होते. सासूबाई आत आल्या, हातात खेळाची गोल टोपली. गोल आणि बसकी, झाकण सुतळीनं बांधलेलं. नाग लांबट टोपलीतून काढून त्यात भरला होता, कावडीला गोल टोपलीच शोभते म्हणून. खापरात नवे निखारे घातले आणि ती टोपली खापराला चिकटवून बाजेखाली सारली.

"ऱ्हाऊ दे तुज्या संगं शेक घेत. बाळंतीण तशी बाळंतीण, आन् नाग तसा नाग."

मी उठून बसले. "आत्याबाई, हितं नको. गोल टोपली हाय, त्याला सरकायला जागा न्हाई."

"तुला हाय न्हवं जागा? मग गप पड."

"तापल की ती. मनगट लावून बगा."

"माजं मनगट तुज्या बानं शिकवायचं राहिलंय व्हय?" आणि त्या घागर घेऊन पाण्याला गेल्या.

मी पडून राहिले. पाठीला ऊब लागत होती, लेक पीत होती, आणि खालून आवाज यायला लागला. आधी नुसता फुत्कार. मग झाकणाला टकटक. नाकानं ढोसत होता. आमच्या धंद्यातल्या बाईला तो आवाज ओळखायला डोळे लागत नाहीत. मी हाका मारल्या. आत्याबाई, अहो कुणी आहे का! शेजारच्या पालातनं एक म्हातारी ओरडली, "काय गं, पोरगी रडती का?" मी म्हटलं, साप तापलाय. ती म्हणाली, "सुवेरात हाईस, हात लावू नगं हां!"

टकटक थांबली.

लेकीला बाजेवर ठेवलं आणि मी खाली उतरले. टोपली ओढली, बोटं भाजली. सुतळी सोडवेना, दातानं तोडली. झाकण काढलं तर नाग वेटोळ्यात नव्हताच, टोपलीच्या कडेकडेनं लांब पडलेला, तोंड उघडं. बाळाची लंगोटं धुवायचं पाणी होतं तांब्यात, ते ओतलं. उचलून गार भुईवर घेतला, शेपटाकडून तोंडाकडं हात फिरवत राहिले. अंगाला हात लावला तर माणसासारखं गरम. सापाचं अंग माणसासारखं गरम लागू नये कधी.

सासूबाई दारात आल्या तेव्हा मेलेला नाग माझ्या मांडीवर होता. त्यांनी घागर खाली ठेवली आणि जी बोंब मारली ती अख्ख्या माळानं ऐकली.

"विटाळशीनं देव मारला गं बाई! ह्या अवदसेनं नागाला हात लावला!"

बाजेखाली ठेवताना विटाळ नव्हता. माझ्या अंथरुणाखाली, माझ्याच निखाऱ्यांपाशी ठेवताना नागाला कसला दोष लागत नव्हता. मी वाचवायला हात लावला, तेव्हा लागला. हे मी तेव्हाही बोलले. कुणाला ऐकू गेलं नाही.

मालक आले. नाग उचलून बघितला. माझ्यावर हात नाही उगारला, ते खरं. ते नुसते म्हणाले, "आता जत्रंत काय नाचवू?" लेकीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सासूबाईंनी मात्र बघितलं. "आल्या-आल्या नाग खाल्ला हिनं. सापखाई हाय सापखाई. जिथं साप हाईत तिथं ही न्हाई राहायची. आज नाग खाल्ला, उद्या माज्या लेकाला खाईल."

मी हसले. खरंच हसले. चार दिवसांचं पोर, त्याला अजून दूध नीट ओढता येईना, ते नाग खातंय. पण पालाबाहेर बायका जमल्या होत्या, त्यांतली एकही हसली नाही. तेव्हा मला कळलं, ही गंमत नाही. हे माझं पोर काढून घेतील.

दुपारी पंच बसले. जत्रेला आजूबाजूचे सगळे जातभाई आलेले, म्हणून पंच हाताशीच होते. आणि बाबाही जत्रेला आले होते. त्यांना बोलावणं गेलं. त्यांना येताना बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, बाबा आले, आता काय. ते टोपली बघतील आणि सगळ्यांना सांगतील.

बाबांनी टोपली बघितली. पालाच्या फटीतनं मी बघत होते. त्यांनी ती हातात घेतली, उलटी केली. बुडाचं सारवण करपून काळं झालं होतं, बांबूची एक काडी जळून वाकलेली. त्यांनी सवयीनं मनगट लावलं, आता काय ती गार झाली होती. मग वास घेतला. मग पालाकडे बघितलं, नेमकं त्या फटीकडे. आमची नजर मिळाली. बाबांना सगळं कळलं होतं. माझ्या मनात याबद्दल कधी शंका आली नाही, आजही नाही.

थोरले पंच म्हणाले, "पावनं, तुमी जानते. नाग तुमीच दिल्याला. सांगा, शेकानं गेला का विटाळानं?"

इथं एक सांगायचं राहिलं. माझ्या पाठच्या बहिणीचं माझ्या धाकट्या दिराशी ठरलं होतं. सुपारी फुटली होती.

बाबांनी टोपली खाली ठेवली. म्हणाले, "विटाळानंच की."

मी आतनं ओरडले, "बाबा, बूड बगा की! बूड करपलंय!"

कुणीतरी म्हणालं, "बाळंतिणीचं डोकं फिरलंय." बाबा खाली बघत म्हणाले, "सोडा, लेकरू हाय."

पुढचं फार वेळ चाललं नाही. नाग माझ्या विटाळानं मेला म्हणून बाबांनी दुसरा नाग द्यायचा. सून राहू दे, पण पोरगी सापांच्या पालात नको, हे सासूबाईंचं. पंचांनी मालकांना विचारलं. मालक म्हणाले, "आई म्हनती तसं." मग बाबाच पुढं होऊन म्हणाले, "पोरीला मी नेतो. घरात दूध हाय. आमच्या ल्योकासंगं पील." सगळ्यांना पटलं. बाबांच्या पालातही साप होतेच, ते कुणी काढलं नाही. पावण्यांचं मन मोठं, असं पंच म्हणाले.

बाबांना वाटलं असावं, आपण लेकीचं पोर वाचवलं. वाचवलंही. आईनं एका बाजूला भाऊ, एका बाजूला ती, असं दोघांना वाढवलं. नाव आईनं ठेवलं. बारशाला मी नव्हते. तिला नेलं तेव्हा तिला नाव नव्हतं, आणि नाव नसलं की सोडवतं म्हणतात. कोण म्हणतं देव जाणे.

दुसरा नाग बाबांनी दिला. पुढच्या पंचमीच्या दुसऱ्या दिवशीच मालक त्याला वारुळाशी सोडून आले, एक दिवसही जास्त ठेवला नाही. घाबरले होते. मी म्हटलं, "सापाला त्याच्या जागी सोडलंत. पोरीचं काय?" तर म्हणाले, "तिला कुटं वचन दिलंतं?"

बहिणीचं लग्न झालं, ती माझी जाऊ झाली. तिला मी कधी बोलले नाही, तिचा काय दोष. मला पुढं दोन मुलं झाली, त्यांनी मला आई म्हटलं. माहेरी गेले की थोरली दुरून बघायची, आईच्या पदराआडून. आई सांगायची, "अक्का आलीय बघ." सहा-सात वर्षांची झाल्यावर मी एकदा तिला जवळ घेऊन म्हटलं, मी तुझी आई आहे. ती हात सोडवून आईकडे पळाली आणि रडत म्हणाली, "अक्का मला न्यायला आलीया." मग मी पुन्हा नाही म्हटलं. मालक गेल्यावर मी मुलांना घेऊन गिरणीत लागले. सापाच्या टोपलीला पुन्हा हात लावला नाही.

बाबा म्हातारे झाल्यावर उन्हाला बसायचे. एकदा मी त्यांना विचारलंच. "बाबा, त्या दिवशी टोपलीचं बूड करपलं होतं का नव्हतं?"

"करपलं होतं की," ते म्हणाले.

"मग?"

"धाकटीला उजवायचं होतं." आणि थोडं सावलीकडे सरकून बसले.

पण मला रात्रंदिवस डोळ्यांपुढं येतं ते पंचायत नव्हे. ते संध्याकाळचं. बाबा निघाले, खांद्याला कावड. एका टोकाला त्यांचा नाग, दुसऱ्या टोकाला माझी लांबट टोपली, त्यांनीच विणलेली, आणि तिच्यात माझी लेक. खाली चिंध्या घातल्या होत्या. कलतं ऊन होतं आणि गार वारं. बाबांनी कावड उचलायच्या आधी वाकून टोपलीचं एक टोक धोतराच्या फडक्यानं झाकलं, दुसरं उघडं ठेवलं. हात आत घालून मनगट लावून बघितलं. मग माझ्याकडे वळून, मोठ्या मायेनं म्हणाले,

"काळजी करू नगंस. ऊन बी हाय, सावली बी हाय."

मी बाजेवरून बघत होते. चार दिवसांचं पोर होतं ते, बाबा. त्याला कुठं सरकता येत होतं?